एफवायची बायोलॉजी: उजळणी नेमकी कुठून सुरू करू?

बॅकबेंच_बॉटनी

नमस्कार. एफवायबीएस्सीला आहे, बॉटनी-झूलॉजी-केमिस्ट्री. दहावीपर्यंत मराठी माध्यम. सेमिस्टर तोंडावर आलीय आणि सेल बायोलॉजी, जेनेटिक्स, फिजिऑलॉजी सगळं एकदम अंगावर येतंय. पाठांतर आहे. प्रोफेज, मेटाफेज, ॲनाफेज झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण मिऑसिसमध्ये (गुणसूत्रं निम्मी करणारं पेशीविभाजन) गुणसूत्रं नक्की कधी निम्मी होतात, पहिल्या विभाजनात की दुसऱ्या, यावर आमच्या अख्ख्या ग्रुपचं एकमत होत नाही.

दुसरं म्हणजे एका ग्लुकोजपासून एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) किती? एका पुस्तकात ३८, गाइडमध्ये ३६, कॉलेजच्या नोट्समध्ये ३०-३२. पेपरात लिहायचं काय?

पुस्तक पहिल्या पानापासून परत वाचायला घेऊ का? केटी नकोय. ज्यांनी हे पार केलंय त्यांनी प्लीज सांगा.

निवृत्त_बॉटनीवाली

पहिल्या पानापासून अजिबात नको. पहिल्या पानावर रॉबर्ट हूक, १६६५, बुचाचा काप, मग श्लायडेन आणि श्वान. हे सगळ्यांचं चोख पाठ असतं, कारण प्रत्येक उजळणी तिथूनच सुरू होते आणि जेनेटिक्सला पोचायच्या आत परीक्षा येते.

मी कॉलेजात बॉटनी शिकवायचे. पेपर तपासताना कायम दिसायचं की मुलांना अवस्थांची नावं येतात, पण कुठली वस्तू कुठून निघाली आणि कुठे गेली असं विचारलं की पेन थांबतं. म्हणून माझं सांगणं एकच: प्रत्येक धड्यात एका वस्तूचा माग काढ आणि ती मोजत जा. मिऑसिसमध्ये गुणसूत्र, श्वसनात कार्बन, ऑस्मोसिसमध्ये पाणी. बाकीची नावं त्या वाटेवर आपोआप भेटतात.

आता तुमच्या ग्रुपचं भांडण मिटवू. लाल आणि निळं बॉलपेन घे. माणसाची ४६ गुणसूत्रं काढायच्या भानगडीत पडू नकोस, कांद्याची १६ सुद्धा जास्त होतात. चारच काढ: लांब लाल, लांब निळं, आखूड लाल, आखूड निळं. लाल आईकडची, निळी वडिलांकडची. डीएनएची नक्कल झाली की प्रत्येक रेघेशेजारी तिची जुळी रेघ काढ आणि दोन्ही एका ठिपक्यात बांध. तो ठिपका म्हणजे सेन्ट्रोमिअर. गुणसूत्रं मोजताना रेघा मोजायच्या नाहीत, ठिपके मोजायचे. रेघा आठ झाल्या, ठिपके चारच राहिले. म्हणजे डीएनए दुप्पट झाला, गुणसूत्रांची संख्या नाही.

पहिल्या विभाजनात लांब लाल एका पेशीत जातं, लांब निळं दुसऱ्या. आखूड जोडीचंही तसंच. ठिपका एकही तुटत नाही. आता प्रत्येक पेशीत दोन ठिपके, चार रेघा. संख्या निम्मी झाली ती इथेच, पहिल्या विभाजनात. दुसऱ्यात ठिपके दुभंगतात आणि जुळ्या रेघा वेगळ्या होतात: प्रत्येक पेशीत दोन ठिपके, दोन रेघा. संख्या तीच, डीएनए निम्मा. 'दुसऱ्या' म्हणणारे बहुधा डीएनए मोजत असतात, त्यामुळे ते अगदीच हवेत बोलत नाहीत, पण प्रश्न गुणसूत्रांचा आहे.

हे चित्र न बघता जमलं की मेंडेल वेगळा करावा लागत नाही. लाल-निळं वेगळं होणं म्हणजे सेग्रिगेशन. लांब जोडी कुठल्या बाजूला तोंड करून उभी राहिली याचा आखूड जोडीशी काही संबंध नसणं म्हणजे इंडिपेंडंट असॉर्टमेंट. मेंडेलचा निबंध १८६६ मध्ये छापला गेला तेव्हा गुणसूत्रांचं हे वागणं कोणाला ठाऊकच नव्हतं. क्रॉसिंग ओव्हरसाठी (जोडीतल्या रेघांमधली तुकड्यांची अदलाबदल) लाल रेघेचं टोक निळं रंगव, प्रोफेज एकमध्ये, आणि पुढे चल.

ऑस्मोसिसला ऱ्हिओचं पान. त्याची जांभळी साल काढून मिठाच्या दाट पाण्यात ठेवलीत ना? जांभळा भाग भिंतीपासून सुटून आत गोळा होतो. व्हायव्हात ठरलेला प्रश्न असतो: भिंत आणि आक्रसलेलं पेशीपटल यांच्यामधल्या जागेत काय असतं? मुलं 'हवा' म्हणतात, 'काही नाही' म्हणतात. तिथे बाहेरचं मिठाचं पाणी असतं. पेशीभित्तिकेतून मीठ-पाणी दोन्ही जातं, अडवणारं असतं ते पटल. एवढं कळलं की हायपरटॉनिक-हायपोटॉनिकची (पेशीपेक्षा दाट-पातळ द्रावणाची) व्याख्या स्वतःच्या शब्दांत लिहिता येते.

बायोकेमवाला

एटीपीचं मी सांगतो. तिन्ही आकडे एकाच हिशोबातले आहेत, फक्त दर वेगळा लावलाय.

एका ग्लुकोजमागे १० एनएडीएच, २ एफएडीएच२ (दोन्ही इलेक्ट्रॉन वाहून नेणारे रेणू) आणि थेट मिळालेले ४ एटीपी (ग्लायकोलिसिसचे, म्हणजे ग्लुकोज फोडण्याच्या पहिल्या टप्प्याचे, निव्वळ २, नंतरच्या क्रेब्स चक्राचे २, तिथे एटीपीसारखाच जीटीपी निघाला तरी एटीपीच धरतात). जुना दर: एका एनएडीएचला ३ एटीपी, एफएडीएच२ला २. म्हणून ३० + ४ + ४ = ३८. नवा दर: २.५ आणि १.५. म्हणून २५ + ३ + ४ = ३२.

आता दोनाचा फरक. ग्लायकोलिसिसमधले २ एनएडीएच मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेर तयार होतात आणि त्यांना स्वतःला आत जाता येत नाही. त्यांचे इलेक्ट्रॉन शटलने, म्हणजे ने-आण करणाऱ्या रेणूंमार्फत, आत जातात. ग्लिसरॉल फॉस्फेट शटल असेल तर ते एफएडीच्या दरानेच वटतात, म्हणून ३८चे ३६ आणि ३२चे ३०. मॅलेट-ॲस्पार्टेट शटलला ही घट नाही.

पेपरात हिशोब मांड आणि कुठला दर धरलाय ते एका ओळीत लिही. एमसीक्यूला मात्र तुमच्या सिलॅबसच्या पुस्तकातला आकडा, तिथे तत्त्वज्ञान नको.

बॅकबेंच_बॉटनी

बायोकेमवाले दादा, थँक्यू! हे कोणी असं मांडूनच दाखवलं नव्हतं. मॅडम, लाल-निळं जमलं, ग्रुपवर फोटो टाकला, भांडण मिटलं. पण श्वसनात कार्बनचा माग कसा काढायचा? आणि आपण आत घेतो तो ऑक्सिजनच कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर येतो ना?

निवृत्त_बॉटनीवाली

नाही येत, आणि माग काढलास तर तुझं तुलाच दिसेल. ग्लुकोजमध्ये कार्बन सहा. ग्लायकोलिसिस संपताना तीन-तीनचे दोन पायरुव्हेट. कार्बन एकही गेला नाही. पायरुव्हेटचं ॲसिटिल-कोए होताना प्रत्येकातून एक कार्बन डायऑक्साइड बनून गेला, उरले दोन-दोन. ते क्रेब्समध्ये शिरले आणि चक्राच्या दोन फेऱ्यांत आणखी चार बाहेर पडले. दोन आणि चार, सहाचा हिशोब पूर्ण. यात श्वासातला ऑक्सिजन कुठे आला? आलाच नाही. तो सगळ्यात शेवटी, इलेक्ट्रॉन ट्रान्सपोर्टच्या टोकाला उभा असतो आणि इलेक्ट्रॉन घेऊन पाणी होतो. तो नसेल तर मागची सगळी रांग तुंबते.

प्रकाशसंश्लेषणातही अशीच गंमत आहे. झाड सोडतं तो ऑक्सिजन पाण्यातला, कार्बन डायऑक्साइडमधला नाही. रूबेन आणि कामेन यांच्या गटाने १९४१ मध्ये जड ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजन-१८, वापरून तो माग काढला.

आणि 'वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात व रात्री श्वसन' असं लिहू नकोस. श्वसन चोवीस तास चालू असतं.

उसाच्या_फडातून

ॲग्रीचा विद्यार्थी, मध्येच तोंड घालतो. सी३-सी४ (कार्बन आधी तीन कार्बनच्या संयुगात अडकतो की चारच्या, त्यावरून वनस्पतींचे प्रकार) पाठ करायला जाल तर विसराल. पिकं लक्षात ठेवा: ऊस, ज्वारी, बाजरी, मका सी४, गहू, भात, हरभरा, सोयाबीन सी३. सी४ पहिल्यांदा ठळकपणे दिसलं तेच मुळी उसात, हवाईतल्या संशोधकांना. मग ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी ते १९६६ पासून उलगडलं. कार्बन आधी चार कार्बनच्या आम्लात अडकतो, मग शिरांभोवतीच्या बंडल शीथच्या पेशीत सुटतो आणि रुबिस्को या कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या एन्झाइमच्या हाती पडतो. साखर बनवणारी कॅल्विन सायकल सी४लाही चुकत नाही, परीक्षेत हेच फसवून विचारतात.

बॅकबेंच_बॉटनी

शेवटचं. प्रॅक्टिकलला कांद्याच्या मुळाची स्लाइड आहे. त्यात लाल-निळ्याची ती जोडीने उभी असलेली स्टेज दिसेल का?

निवृत्त_बॉटनीवाली

कांद्याच्या मुळामध्ये मिऑसिस नसतो रे, तिथे फक्त मायटोसिस, म्हणजे गुणसूत्रांची संख्या तीच ठेवणारं विभाजन. जोड्या बघायच्या तर फुलाच्या कळीतले परागकोश लागतात, तेही कळी कोवळी असताना. उमललेल्या फुलात नुसते तयार परागकण दिसतील. मुळं सकाळी कापून फिक्स कर, टोकाचे एक-दोन मिलिमीटरच घे, आणि कव्हरस्लिपवर अंगठा दाबताना ती सरकू देऊ नकोस.