अनुभव धागा: वसाहतीतली मुलं आणि ग्रंथालयाची वाट

गेली सहा वर्षं आमच्या वसाहतीतल्या आम्ही पाचजणी शनिवारी दुपारी मुलांना घेऊन पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात जातो. आमची वसाहत पर्वरीची, गृहनिर्माण मंडळाची. मांडवी ओलांडून कदंब बसस्थानकावर उतरलं की पुढं चालत जाता येतं. अंतर म्हणाल तर काहीच नाही. तरी आमच्या इमारतींत अशी कितीतरी मुलं होती, ज्यांनी ती इमारत बसच्या खिडकीतूनच पाहिली होती.

हे ग्रंथालय १८३२ साली पोर्तुगीज अमदानीत सुरू झालं. देशातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत त्याची गणना होते. जवळजवळ दोनशे वर्षं दार उघडं आहे आणि नदीपलीकडच्या मुलांना ते आपलं वाटत नाही, हे मला फार लागायचं.

पहिल्या वर्षी आम्ही चुकलो. ग्रंथालयाशी बोलणं झालं, त्यांनी कळसूत्री बाहुल्यांचा खेळ ठरवला, आम्ही प्रत्येक जिन्यात सूचना चिकटवली. मुलं आली दोन, त्यातला एक माझाच भाचा. मग दारोदार फिरले. आयांना कार्यक्रम काय आहे, फुकट आहे का, यातलं काहीच विचारायचं नव्हतं. तळमजल्यावरच्या एका आजीनं सरळ विचारलं, "भुरगीं येतलीं गो, पूण व्हरून परत हाडटलो कोण?" म्हणजे, मुलं येतील गं, पण नेऊन परत आणणार कोण?

तिथं आमचं काम सुरू झालं. आता एक वही आहे. मुलाचं नाव, आईचा फोन, कुणाबरोबर गेलं, किती वाजता दारात परत सोडलं. नेणाऱ्या बायका त्याच, बदलत नाहीत. ग्रंथालय आणि वसाहत यांचं सहकार्य कागदावर काय असेल ते असो, आईच्या लेखी ते म्हणजे ओळखीची बाई दारात येऊन हाक मारते, एवढंच.

तुमचे अनुभव लिहा. शाळा, अंगणवाडी, पंचायत, एखादी संस्था, ग्रंथालय, ज्या कुणी ज्या कुणाबरोबर मिळून मुलांना पुस्तकांपर्यंत नेलं असेल, त्यांनी लिहा. फसलेलंही लिहा. तक्रार असेल तर नाव न घेता.

बेतीकर

मीही पर्वरीच्या हाउसिंग बोर्डातलाच. वडील सरकारी कचेरीत शिपाई. ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला तेव्हा मी पाचवीत होतो. पणजी एकाएकी लांब गेली. बाबा बेतीच्या धक्क्यावरून फेरीबोटीनं कामावर जायचे.

पुढच्या मे महिन्याच्या सुट्टीत घरी फार दंगा करतो म्हणून आईनं मला त्यांच्याबरोबर धाडलं. तेव्हा मध्यवर्ती ग्रंथालय मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीत होतं. प्रवेशालाच भिंतभर निळ्या टाइल्सची चित्रं, जहाजं आणि दाढीवाली माणसं. मला वाटलं हेच ग्रंथालय, चित्रं बघायची आणि परत जायचं. आत बाबांच्या ओळखीचे एक शिपाई होते. बाबांनी मला त्यांच्या हवाली केलं आणि ते कामावर गेले. त्या काकांना स्वतःला जेमतेम अक्षरओळख. पण मुलांच्या मासिकांचे बांधीव अंक कुठल्या कपाटात आहेत ते त्यांना ठाऊक. एक जाडजूड खंड त्यांनी माझ्यापुढं ठेवला, वरची धूळ बाहीनं पुसली आणि म्हणाले, "बाबा येईपर्यंत हे संपव."

संपला नाही. दुसऱ्या दिवशी मी आईच्या आधी उठून बसलो होतो.

तुमच्या वहीबद्दल वाचून ते काका आठवले. माझ्या वेळी ओळखीचा माणूस नशिबानं भेटला, तुम्ही तो नेमून दिलात.

अंगणवाडी ताई

मी सासष्टीतल्या एका वसाहतीत अंगणवाडी सेविका आहे. माझा अनुभव वेळेचा.

एका संस्थेनं ग्रंथालयाशी बोलून आमच्या मुलांसाठी गोष्ट आणि चित्रकलेचा छान कार्यक्रम बसवला होता. बुधवारी, संध्याकाळी पाच वाजता. पहिल्या आठवड्यात बारा मुलं, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात एक. संस्थेच्या ताई हिरमुसल्या. म्हणाल्या, मुलांना गोडी नाही. मला ते सहन झालं नाही. मी त्यांना पाच वाजता वसाहतीत घेऊन आले. नळासमोर घागरी, डबे, बादल्यांची रांग, आणि रांगेत कोण? आमचीच मुलं. आमच्याकडे पाणी पाचला येतं. आया त्या वेळी लोकांकडे भांडी-लाद्या करत असतात. पाणी भरायचं कुणी? आठ-नऊ वर्षांची पोर एका हातानं धाकट्याला कडेवर धरून दुसऱ्या हातानं नळी सांभाळत होती. तीच पोर पहिल्या बुधवारी सगळ्यात पुढं बसली होती.

कार्यक्रम साडेतीनला आणला. आणि दुसरी गोष्ट केली, धाकट्यांना घेऊन यायला परवानगी. ग्रंथालयात तान्हं रडेल अशी धास्ती होती. एका कोपऱ्यात चटई टाकली, चार कापडी पुस्तकं ठेवली. रडतातही कधी कधी, बाहेर नेते मी. पण मोठी बहीण येते, हे महत्त्वाचं. धाकट्याला मागं ठेवून ये म्हटलं तर ती येणारच नाही.

दाखलनोंद

मी एका तालुक्याच्या ठिकाणी सार्वजनिक ग्रंथालयात आहे. आमच्याकडून काय अडतं ते सांगते. बाहेरच्यांना ते दिसत नाही, आणि मग ग्रंथपाल खडूस असा शिक्का बसतो.

आपल्याकडे गोवा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९९३ चा. प्रत्येक पुस्तक दाखल नोंदवहीत चढतं. साठा पडताळणी होते तेव्हा सापडत नसलेल्या पुस्तकाचं उत्तर द्यावं लागतं. त्यामुळं नवी माणसं लागली की जुनी माणसं पहिला धडा देतात: पुस्तक जपा. वाचक जपा असं कुणी सांगत नाही. ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांच्या पाच सूत्रांतलं पहिलंच सूत्र, १९३१ सालचं, ग्रंथ वापरासाठी आहेत. परीक्षेत आम्ही सगळे ते लिहितो.

आमच्या गावात सरकारी वसाहत आहे, शिवाय भाड्याच्या खोल्यांतली पुष्कळ मुलं. सभासद अर्जावर पत्त्याचा पुरावा, अनामत आणि जामीनदाराची सही. एक मुलगा तीन वेळा तो अर्ज घेऊन गेला आणि तीन वेळा कोराच घेऊन आला. चौथ्यांदा मी विचारलं तेव्हा खाली मान घालून म्हणाला, "बाई, सही करणारं कोणी नाही."

त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकेकडे गेले आणि आम्ही दोघींनी मार्ग काढला. वीस पुस्तकांची पेटी शाळेच्या नावावर, महिन्यासाठी. जबाबदारी शाळेची, देवघेवीची वही सातवीच्या मुली सांभाळतात. मुलं महिन्यातून एकदा पेटी बदलायला स्वतः ग्रंथालयात येतात. पुढची वीस कुठली, ते तीच निवडतात, आणि निवडताना इतकी भांडतात की वाचनकक्षातले पेपरवाले आजोबा चष्मा काढून बघत बसतात.

पहिल्या वर्षी तीन पुस्तकं हरवली. एक हुमणाचे डाग घेऊन परत आलं, पिवळी बोटं अगदी स्पष्ट, पान चौदावर. मी ते रद्द केलं नाही. जेवतानासुद्धा खाली ठेववलं नाही, असं ते पुस्तक आहे.

सड्यावरची

मी वास्कोला सड्यावर वाढले. वडील गवंडी, गाव विजापूरकडचं. घरी लमाणी, शेजारी कन्नड, शाळा सरकारी मराठी. चौथीत असताना शाळेतल्या टीचरनी आणि वसाहतीतल्या एका मावशींनी मिळून आम्हा दहाजणांना ग्रंथालयात नेलं.

आत थंडगार होतं. दाराशी चपला ओळीनं काढल्या होत्या, माझ्या एका चपलेला सेफ्टी पिन होती म्हणून मी ती दुसऱ्यांच्या खाली सरकवली. खुर्च्या इतक्या चांगल्या की मी उभीच राहिले. मावशींनी बस म्हटलं तर मी हळूच विचारलं, "बसायचे किती पैसे?"

त्या हसल्या नाहीत. हे मी जन्मभर विसरणार नाही. त्यांनी शेजारची खुर्ची ओढली, स्वतः बसल्या आणि म्हणाल्या, "हे आपलंच आहे. सरकारनं आपल्यासाठी बांधलंय. तुझ्या बाबांसारख्या माणसांनीच बांधलंय."

घरी जाऊन बाबांना सांगितलं. रविवारी ते स्वतः बघायला आले, बाहेरूनच. भिंतीवरून हात फिरवला आणि गिलावा चांगला आहे म्हणाले. आत यायला त्यांना आणखी दोन वर्षं लागली.

आज मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझं पहिलं कार्ड आईनं रेशनकार्डाच्या प्लॅस्टिक पिशवीत ठेवलंय, अजून.

धागाकर्ती

सड्यावरची, तुझं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. त्या मावशी हा धागा वाचत असतील तर बरं.

दाखलनोंद, पेटीची युक्ती आम्ही पावसाळ्यासाठी उचलतोय. जून-जुलैत आमचे निम्मे शनिवार वाहून जातात.

मडगावकर

फसलेलं लिहा म्हणालात म्हणून लिहितो. आम्ही मित्रांनी एका वसाहतीच्या समाजगृहात वाचनालय काढलं होतं. लोकांना पुस्तकं द्या म्हणून आवाहन केलं, गोण्या भरभरून आल्या. उघडल्या तर जुनी गाइडं, मुदत संपलेल्या स्पर्धा परीक्षांची पुस्तकं, लग्नात मिळालेली न उघडलेली चरित्रं, वाळवी लागलेले दिवाळी अंक. आम्ही ती सगळी मांडली. उद्घाटन झालं, फोटो निघाले. मुलं तीन दिवस आली. एका मुलीनं मला स्पष्ट सांगितलं, "दादा, ही मोठ्यांना नको झालेली पुस्तकं आहेत."

कुलूप लावलं. मनाला फार लागलं होतं. मग दीड वर्षानं दुसरा रस्ता धरला, पुस्तकं वसाहतीत नेण्यापेक्षा मुलांनाच नावेलीच्या डॉ. फ्रान्सिस्को लुईस गोम्स जिल्हा ग्रंथालयात नेऊ लागलो. बससाठी एका शाळेकडे विचारलं, त्यांनी नकार दिला. शेवटी वसाहतीतलेच दोन रिक्षावाले आणि एक पिकअपवाला तयार झाले, पेट्रोलला आम्ही वर्गणी काढतो. रिक्षावाल्या काकांनी पहिल्या दिवशी बाहेर थांबायचं ठरवलं होतं. आता आत बसून क्रीडापान वाचतात, आणि उशीर झाला तर मुलंच त्यांना ओढून काढतात.

ज्यांना मुलांबरोबर वाचायचं कसं हे शिकायचंय त्यांनी पणजीच्या बुकवर्मचं काम जरूर बघावं. २००५ पासून ते मुलांच्या ग्रंथालयाचं काम करतात, आणि वस्त्यांत, शाळांत जाऊनही करतात. पुस्तक वाचून झालं की लगेच 'यातून काय शिकलात' विचारायचं नाही, हे मी त्यांच्याकडे बघून शिकलो. मुलाला गोष्टीबरोबर जरा एकटं राहू द्यायचं.

अबोली

भाषेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्या फोंड्याकडच्या वसाहतीत शनिवारी जी पंचवीस मुलं जमतात ती मराठी वाचतात, कोंकणीत भांडतात, हिंदीत खेळतात आणि आईशी कन्नडमध्ये बोलतात. मी सुरुवातीला हट्टानं फक्त मराठी पुस्तकं न्यायचे. मराठी टिकायला हवी हे मला आजही मनापासून वाटतं. पण आया दारातच थांबायच्या.

प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर एकच गोष्ट अनेक भारतीय भाषांत मिळते, मोफत, छापून घेता येते. मी एका गोष्टीच्या मराठी आणि कन्नड अशा दोन्ही प्रती काढल्या. त्या दिवशी ग्रंथपालांनी एका आईला आत बोलावलं आणि कन्नड प्रत हातात दिली. ती आधी पदर तोंडाला लावून नको नको म्हणाली. मग वाचू लागली, बोट ठेवून, हळू. तिचा मुलगा मराठी प्रतीत तेच पान उघडून बसला होता. आई एक ओळ वाचायची, तो एक ओळ. मध्ये एकदा ती अडखळली तेव्हा त्यानं चित्रावरून ओळखून तिला शब्द सांगितला, कन्नडमध्ये.

आता पाचसहा आया आत बसतात. मराठी पुस्तकं पूर्वीपेक्षा जास्त जातात.

सांगेकर, सध्या सिंगापूर

इथं दर दहांतली साधारण आठ माणसं सरकारनं बांधलेल्या घरांत राहतात, त्यामुळं 'वसाहतीतली मुलं' म्हणजे जवळजवळ सगळीच. तरी गरीब घरांतली मुलं मागं पडतात म्हणून राष्ट्रीय ग्रंथालय मंडळानं २००४ मध्ये किड्सरीड हा उपक्रम काढला. लहान मुलांच्या छोट्या गटांना स्वयंसेवक वाचून दाखवतात. मी दोन वर्षं जातोय. मला पटलेली गोष्ट एकच: मुलं जिथं आधीच जमतात तिथं वाचन जातं, शाळेत, वस्तीतल्या केंद्रात. इथं पैसा आहे, यंत्रणा आहे. पण माझ्या गटातली एक मुलगी मी एका आठवड्यात आलो नाही म्हणून पुढच्या आठवड्यात माझ्याशी बोलली नाही. ते मात्र सांग्यातही तसंच झालं असतं.

धागाकर्ती

येत्या शनिवारी आमच्याबरोबर कुणाला यायचं असेल तर तीन वाजता वसाहतीच्या फाटकाशी या. वाचून दाखवायला एक माणूस कमी आहे. पाटीवरचं नाव वाचून मुलं विचारतील, कृष्णदास शामा कोण? सोळाव्या शतकातले केळशीचे लेखक, एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न येतो, "म्हणजे आपल्याच गोव्यातले?" त्याचं उत्तर तयार ठेवा.

अंगणवाडी ताई, तुमच्या मुलांना एकदा पाटोला आणाल का? आम्ही कदंबवर उतरवून घेऊ.

अंगणवाडी ताई

आणते. त्या दिवशी पाणी किती वाजता आहे ते विचारून उद्या कळवते.