मेंढ्यांना गोचीडताप असावा, पण रक्ताच्या काचपट्टीत काहीच सापडलं नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. सासवडजवळ आमचा ६० मेंढरांचा कळप आहे. वडील राखतात, मी पुण्यात नोकरीला, शनिवार-रविवार घरी. पंधरा दिवसांत तीन मेंढ्या दगावल्या, त्यातल्या दोन गाभण होत्या.

आधी चरायचं सोडतात, मग कळपाच्या मागं रेंगाळतात. ताप १०६ पर्यंत. पापणी उलटली तर आतून खडूसारखी पांढरी. आम्हाला जंत वाटले, औषध पाजलं, काही उपयोग नाही. मग कानामागं आणि शेपटीखाली बोटं फिरवली तर गोचिडांचे घोसच हाताला लागले. एकीच्या खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी सुजलीय.

गोचिडांमुळे रक्तात शिरणाऱ्या जंतूंपैकी बॅबेसियात लघवी लाल होते. इथं ती होत नाही, म्हणून डॉक्टरांना बॅबेसियापेक्षा थायलेरिया किंवा अॅनाप्लाझ्मा या जंतूंचा संशय जास्त. दुसऱ्या एका आजारी मेंढीच्या कानाच्या टोकातून रक्ताचा थेंब घेऊन काचपट्टी केली, जंतू दिसावेत म्हणून गिम्सा या रंगानं रंगवली. रिपोर्ट आला, 'परजीवी आढळले नाहीत'. पण रक्त घेतलं तेव्हा ऑक्सिटेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन देऊन चार दिवस झाले होते आणि तापही उतरला होता. औषधाआधी रक्त घ्यायला हवं होतं, ही चूक आमचीच.

नेमका आजार कळणं गरजेचं आहे, कारण थायलेरियाला बुपारवाकोन हे वेगळं औषध लागतं. ते महाग आहे, अंदाजानं सगळ्या कळपाला टोचणं परवडणार नाही. दिवाळीनंतर कळप कोकणात उतरवायचा असतो, अशा अशक्त मेंढ्या घाट कशा उतरणार?

औंधच्या रोग अन्वेषण विभागात मेंढीच्या रक्ताची पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) कोणी करून घेतली आहे का? नमुना थेट घेतात की दवाखान्याचं पत्र लागतं? रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत, बर्फावर पण न गोठवता न्यायचं, एवढं कळलंय. सुजलेल्या गाठीतून सुईनं पाणी काढून त्याचीही काचपट्टी करावी का?

सगळ्यात अडलंय ते इथं: धडधाकट दिसणाऱ्या मेंढीच्या रक्तातही थोडे परजीवी असतात आणि पीसीआर तेही पकडते. मग नुसतं 'आहे' असं आलं तर आजार त्याचाच, हे कसं ठरवायचं? आजारी आणि निरोगी दोन्हींचं रक्त पाठवलं तर उलगडा होईल का? किती जणींचं?

गाठवालीला वडील सकाळपासून हातानं बाभळीचा पाला भरवतायत, दोन-चार घास खाल्लेत. तिला अजून इंजेक्शन दिलेलं नाही. डॉक्टर मंगळवारी येणार आहेत, त्याआधी कोणी सांगितलं तर नळ्या आणून ठेवतो.