४ बाय ५ इंच एवढा डिजिटल सेन्सर बनवायला नक्की अडतंय कुठे?

ग्राउंडग्लास:
सहा वर्षं ४ बाय ५ इंचाच्या मोठ्या कॅमेऱ्यात शीट फिल्म (दर फोटोला फिल्मचा एक सुटा तुकडा) वापरतोय. काळं कापड डोक्यावर घ्यायचं, ग्राउंड ग्लासवर (कॅमेऱ्यामागची धुरकट काच, तिच्यावर चित्र दिसतं) लूप, म्हणजे छोटं भिंग, टेकवायची आणि लेन्स हळूहळू पुढे झुकवत न्यायची, मग पायाजवळच्या दगडापासून मागच्या डोंगरापर्यंत सगळं एकदम शार्प होतं, ते मला दुसऱ्या कुठल्याच कॅमेऱ्यात मिळालं नाही. पण गेल्या महिन्यात बारापैकी चार शीट वाया गेल्या, कुठूनतरी प्रकाश शिरला होता आणि ते कळलं घरी येऊन डेव्हलप केल्यावर, फार जिवाला लागलं. फोनमध्ये २०० मेगापिक्सेल येतात, मग एवढा मोठा सेन्सर का नाही येत? मेगापिक्सेल कमी असले तरी चालतील, मला आकार हवाय.

वेफरवाला:
अडतंय ते आकारावरच. चिप बनते ३०० मिमीच्या गोल वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर, आणि तुमच्या शीटवर प्रत्यक्ष चित्र येतं साधारण ९५ बाय १२० मिमी, म्हणजे फुल फ्रेम सेन्सरच्या (३६ बाय २४ मिमी) १३ पट. असे चार चिकटून मांडले तर १९० बाय २४०, कर्ण ३०६ मिमी, थोडक्यात हुकतं, म्हणून एका वेफरमधून तीनच निघणार. आणि वेफरवर कुठे ना कुठे दोष असतोच. छोट्या चिपांमध्ये दोन-चार फेकून देता येतात, इथे एक फेकली की तिसरा हिस्सा गेला. शिवाय वेफरवर चिप छापणारं नेहमीचं मशीन एका वेळी साधारण २६ बाय ३३ मिमी एवढंच छापतं, पुढचं सगळं सांधे जुळवत शेजारी शेजारी छापायचं. अशक्य नाहीये पण, कॅननने २०१० मध्ये २०२ बाय २०५ मिमीचा सीमॉस सेन्सर दाखवला होता, अख्ख्या वेफरमधून एक!

मोठापिक्सेल:
लार्जसेन्स कंपनीचा एलएस९११ कॅमेरा विसरू नका, २०१८ चा, सेन्सर ९ बाय ११ इंच, ब्लॅक अँड व्हाइट, किंमत तेव्हा लाखभर डॉलर आणि मेगापिक्सेल फक्त १२. लोक १२ ऐकूनच नाक मुरडतात, मला ते पटत नाही. आपण एफ ३२ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक करून, शूट करतो, तिथे डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो) प्रकाशाचा ठिपकाच ४३ मायक्रॉनचा होतो, मग बारीक पिक्सेल घेऊन करायचंय काय? १० मायक्रॉनचा पिक्सेल धरला तरी ४ बाय ५ वर ११४ मेगापिक्सेल होतात. ग्राउंडग्लास, तुम्ही मागताय ते बरोबरच आहे. एक्स-रेचे पॅनेल बघा, ४३ बाय ४३ सेंमी, सिलिकॉनचा पातळ थर थेट काचेवर, वेफरचा संबंधच नाही. त्यांचे पिक्सेल १०० मायक्रॉनच्या वरचे असतात आणि नॉइज (चित्रातले दाणे) जास्त असतो, पण मोठा सेन्सर आला तर त्याच वाटेने येईल असं मला मनापासून वाटतं.

फांदी:
तोवर काय करायचं ते सांगतो. स्कॅनिंग बॅक (फिल्मच्या जागी बसणारा स्कॅनर) वापरून झालंय, ७२ बाय ९६ मिमी, त्यात सेन्सरची एक पट्टी चित्रभर सरकत जाते, मिनिटं लागतात. भिंत, पेंटिंग यांना अप्रतिम, पण वाऱ्यात हललेली फांदी लाल-हिरव्या-निळ्या कडांची होते. त्यापेक्षा तुमच्या कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला सरकता अडॅप्टर लावून त्यावर मिररलेस डिजिटल कॅमेऱ्याची बॉडी बसवा, ती सरकवत फोटो काढा आणि तुकडे जोडा, टिल्ट, म्हणजे लेन्स झुकवणं, तुमचा तसाच राहतो. फक्त वाइड लेन्स नको, माउंटच्या खोलीमुळे तिरके किरण अडतात आणि कडा काळवंडतात, १५० मिमीपासून पुढे ठीक. आणि त्या चार शीटवर डाग एकाच बाजूला आहे का?

ग्राउंडग्लास:
आत्ता लाइट टेबलवर ठेवून बघितलं. चारही शीटवर धुरकट पट्टा एकाच बाजूला, होल्डरमध्ये डार्क स्लाइड (फिल्म झाकणारी सरकती पट्टी) आत जाते तिथून. एका होल्डरमध्ये दोन शीट, म्हणजे दोनच होल्डर आहेत हे, दोन्हींची प्रकाश अडवणारी मखमल झिजलीय. बदलतो. १५० ची लेन्स आहे माझ्याकडे, अडॅप्टर कुणाकडे वापरायला मिळतो का बघतो.