भरभर वाचताना गळणारी अक्षरं: तुमचे अनुभव लिहा

लेक चौथीत आहे. परवा निबंधाच्या वहीवर 'वेंधळेपणा कमी कर' असा शेरा आला, दोन 'ही' आणि एक 'च' गळला म्हणून. तिने लिहून झाल्यावर परत वाचलं होतं, आजोबांनीही वाचलं होतं, दोघांनाही ते दिसलं नाही, आणि याला वेंधळेपणा म्हणणं मला अजिबात पटत नाही. १९७६ साली अ‍ॅलिस हीली या मानसशास्त्रज्ञ बाईंनी लोकांना इंग्रजी उताऱ्यातल्या सगळ्या 'टी'वर खुणा करायला लावल्या, तर 'द' (the) या शब्दातले 'टी' खूप जास्त सुटले. जो शब्द रोजचा, त्यातलंच अक्षर दिसत नाही. डोळा ओळीवरून सरकत नाही, उड्या मारतो, एकेका जागी जेमतेम पाव सेकंद थांबतो, आणि छोट्या शब्दांवर तर बऱ्याचदा थांबतच नाही. तुमच्याकडे काय काय झालंय ते सविस्तर लिहा.

---

भाचीच्या लग्नाची पत्रिका. प्रूफ व्हॉट्सअ‍ॅपवर आलं, नावं, मुहूर्त, हॉलचा पत्ता सगळ्यांनी बोट ठेवून तपासलं. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' कोण वाचतंय, ते पाठच असतं ना! तिथेच 'न' गायब. पकडलं ते पहिलीतल्या पुतण्याने, तो श्री, कृ, पे असं एकेक अक्षर लावत 'करू'पाशी येऊन थांबला आणि म्हणाला, आजी, काय करू?

---

मी स्पर्धा परीक्षेच्या क्लासला शिकवते. 'खालीलपैकी अयोग्य विधान ओळखा', यातला तो 'अ' किती जणांचे मार्क खातो ते मी दर टेस्टला बघते. पोरं 'योग्य' वाचतात, पहिला पर्याय बरोबर दिसला की गोल काळा करून पुढे. अभ्यास पक्का असलेल्यांचं हे जास्त होतं कारण ती भरभर वाचतात. आता पोरांना 'अ', 'नाही', 'वगळता' दिसलं की आधी पेनाने गोल करायची सवयच लावलीय, पर्याय नंतर.

---

हॉस्पिटलच्या फार्मसीत आहे. हायड्रॅलाझीन रक्तदाबाचं, हायड्रॉक्सिझीन खाजेचं. नावाची सुरुवात तीच, शेवट तोच, फरक फक्त मध्ये, आणि घाईत डोळा नेमकं मधलंच सोडतो. म्हणून इंग्रजी नावातला तेवढा वेगळा भाग कॅपिटलमध्ये लिहायची पद्धत आहे. आम्ही कप्प्यांवरच्या चिठ्ठ्या तशाच केल्यात, शिवाय ही दोन खोकी शेजारी शेजारी ठेवतच नाही.

---

शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर जागेवर असलं की मधली उलटसुलट झाली तरी वाचता येतं, असं सांगणारं ते 'केंब्रिजचं संशोधन' २००३ पासून फिरतंय, पण तसा प्रयोग केंब्रिजला झालेलाच नव्हता. त्या विषयावर ग्रॅहम रॉलिन्सन यांचा पीएचडीचा प्रबंध होता, १९७६ चा, नॉटिंगहॅमचा. आणि मराठीत करून बघा जरा, अक्षर हललं की काना, मात्रा, वेलांटी कुणाला लावायची इथूनच गाडी अडते.

---

मला दिसत नाही, मी सगळं स्क्रीन रीडरवर ऐकते. वेग कितीही वाढवा, ते यंत्र मनाने काही भरत नाही, जे टाइप झालंय तेच म्हणतं. त्यामुळे 'करणार नाही'तला 'नाही' राहिला की माझ्या लगेच लक्षात येतं. घरातले अर्ज, ऑफिसच्या मेल पाठवायच्या आधी माझ्याकडे येतात, मला ते मनापासून आवडतं. र्‍हस्व-दीर्घ मात्र ऐकून कळत नाही, ते तुम्ही बघा.

---

छापखान्यात मुद्रितशोधक होतो, खिळे जुळवायचे तेव्हापासून. आम्ही दोघं बसायचो, एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचणार, स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरणचिन्हासकट, दुसऱ्याचं बोट प्रुफावर. वाचणाऱ्याने अजिबात रंगून वाचायचं नाही, सपाट वाचायचं. जोडीदार नसेल तर शेवटच्या ओळीपासून वर जायचं. एकदा अर्थ लागला की चूक दिसेनाशी होते, म्हणून अर्थ लागूच द्यायचा नाही. आणि मथळा वेगळा तपासा, मजकुराबरोबर नको. मोठ्या टायपातली चूक सगळ्यात उशिरा सापडते, बहुतेक वेळा अंक वाटायला गेल्यावर.