शनिवार खूट की शनिवार कूट?

दुभाषी_टिळकवाडी: आमच्या बेळगावातल्या एका पतसंस्थेच्या अहवालाचं कन्नडमधून मराठी करतेय. मूळात पत्ता 'शनिवार कूट' असा आहे. मी मराठीत 'शनिवार खूट' लिहिलं. तपासणाऱ्या गृहस्थांनी ख खोडून क केला आणि समासात शेरा मारला, 'मूळ शब्द कूट, अर्थ जमाव. अपभ्रंश नको.' आमच्या घरात सगळे जन्मभर खूटच म्हणत आलेत, पण खूट म्हणजे काय, असं विचारलं तर एकालाही सांगता येईना. जाणकारांनी सांगावं, अर्थ काय आणि छापायचं काय?

काकतीवेसकर: खूट म्हणजे कोपरा. चौखूट म्हणतो ते काय, चार कोपऱ्यांचं. रस्ते फुटतात तिथं कोपरे होतात, तो खूट. 'खुटावर थांबालोय, ये की' म्हटल्यावर आजवर कुणी अर्थ विचारत बसलं नाही. छापा बिनधास्त.

मलप्रभाकाठ: ताई, शेरा अगदीच उडवून लावू नका. कन्नडात कूडु म्हणजे मिळणं, एकत्र येणं, आणि त्यावरून कूट. आमच्या खानापूर तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगवते आणि पार तिकडे जाऊन कृष्णेला मिळते, ते कूडलसंगम. नद्या मिळाल्या की कूडल, माणसं जमली की कूट, मग रस्ते मिळाले तर कूट का नाही? अस्सल द्राविडी शब्दात ख येत नाही. तो हकार आपण मराठी लोकांनी चिकटवला असणार.

नगरची_लेक: माझं माहेर अहमदनगर (आता अहिल्यानगर म्हणायचं). तिथे भर बाजारात तेलीखुंट आहे, आडते बाजार आणि दाळमंडईच्या शेजारी. तिकडे कन्नडचा वारासुद्धा नाही. लग्न होऊन बेळगावात आले तेव्हा इथलं काहीच ओळखीचं नव्हतं, भाजीवाली बोलायची ते अर्धं डोक्यावरून जायचं. पण शनिवार खूट ऐकलं आणि एकदम घरचं वाटलं. फक्त आमचा अनुस्वार इथे कुणी खाल्ला?

मलप्रभाकाठ: वहिनी, तुमचा तो खुंट तेल्याचा बैल बांधायचा असेल.

काकतीवेसकर: आणि आमच्या खुंटाला काय शनिवारीच बैल बांधायचे होय?

ऱ्हस्वदीर्घ: अनुस्वार कुणी खाल्ला नाही, तो पूर्वी नाकातल्या नाकात होता. असे उच्चारात न येणारे अनुस्वार 1962 च्या नियमांनी लेखनातूनही गेले. गावात मात्र तो त्याआधीच गेला असावा, नियम वाचून कुणी पत्ता सांगत नाही. मुद्दा लिंगाचा आहे. आपण 'खुटावर' म्हणतो, 'खुटीवर' नाही. म्हणजे शब्द खुंटासारखा चालतो. पण कूटही 'कुटावर' असंच चालेल, त्यामुळे व्याकरण इथे दोघांचाही मान राखतं. एक व्यावहारिक धोका तेवढा सांगतो. 'शनिवार कूट' छापलंत तर लोकांना शनिवारच्या उपासाचं दाण्याचं कूट आठवेल.

शहापूरची_पेठ: 😂 पतसंस्थेत दाण्याचं कूट! बरं, शनिवार कुठून आला? शनिमंदिरावरून का?

काकतीवेसकर: शनिमंदिर पाटील गल्लीत, खुटावर कुठं? बाजाराचा वार असणार. शेजारी रविवार पेठ आहे, ती काय सूर्याच्या देवळावरून?

कन्नड_मराठी_दोन्ही: शुद्ध मूळ शब्दच पाहिजे म्हणणाऱ्यांनी आधी टेंगिनकेरा गल्लीचं काय करायचं ते सांगावं. कन्नडात नारळ म्हणजे तेंगु, त दाताला जीभ लावून. आपण त्याचा ट केला. पुढे केरे म्हणजे तळं आणि केरी म्हणजे गल्ली. म्हणजे ती एक तर नारळतळ्याची गल्ली, नाहीतर नारळगल्ली गल्ली. माझी आई कन्नड, वडील मराठी. आई केरे म्हणायची, वडील म्हणायचे, 'तळं दाखव आधी.' पत्र दोघांच्याही नावानं व्यवस्थित पोचायचं.

सीमाभाग_जिंदाबाद: एवढी नम्रता कशाला? 1956 पर्यंत आपण मुंबई राज्यात होतो. आज अहवालात ख चा क, उद्या दुकानावर. पाट्यांवर 60 टक्के कन्नडचा कायदा आलाच आहे. 2014 च्या 1 नोव्हेंबरला बेळगावचं बेळगावी झालं ते विसरलात?

कन्नड_मराठी_दोन्ही: कन्नड माणूस आधीपासून बेळगावीच म्हणतो, सरकारनं ते इंग्रजीत आणलं. आणि नावं बदलायला आपणही मागे नाही. बोगारवेस घ्या. बोगार म्हणजे भांड्यांचे व्यापारी, जैन समाजातले, शब्द कन्नड. वेस मराठी. दोन भाषांनी मिळून केलेलं नाव. तिथं धर्मवीर संभाजी चौक झाला.

सीमाभाग_जिंदाबाद: संभाजी महाराजांच्या नावाला हरकत आहे का तुमची?

कन्नड_मराठी_दोन्ही: हरकत कोण घेतंय? रिक्षावाल्याला तुम्ही काय सांगता, तेवढं लिहा.

सीमाभाग_जिंदाबाद: ... बोगारवेस. पण तो मुद्दा वेगळा.

दुभाषी_टिळकवाडी: मंडळी, अहवाल छापायला जायचाय. खूट की कूट?

ऱ्हस्वदीर्घ: गावाचं नाव रहिवासी उच्चारतात तसं लिहावं. कन्नड प्रतीत कूट, मराठीत खूट.

मलप्रभाकाठ: निदान तळटीप तरी द्या!

शहापूरची_पेठ: विषय निघालाच आहे तर खडेबाजारचं कुणी सांगेल का? आमचे मास्तर सांगायचे, पूर्वी रत्नांचे खडे विकायचे.

काकतीवेसकर: खडे कसले! कॅम्पातली पलटण यायची, उभ्या उभ्या खरेदी करून जायची. खडा म्हणजे उभा.

नगरची_लेक: सावंतवाडीत उभा बाजार आहे की, लाकडी खेळण्यांचा. तोच शब्द, फक्त मराठीतला. खडी फौज म्हणतो तसा कायमचा मांडलेला तो खडा बाजार, आठवड्याचा नव्हे, असं मला वाटतं.

शहापूरची_पेठ: कायमचा बाजार पटतो एक वेळ. पण काका, खडेबाजार शहापुरातही आहे, आणि शहापूर होतं सांगली संस्थानात. कॅम्पातली पलटण पटवर्धनांच्या मुलखात साडी घ्यायला उभी राहायची काय?