गोंगाटात दडलेला पुनरावर्ती संकेत कसा शोधावा?

प्रश्न: हायड्रोफोनच्या (पाण्याखालच्या मायक्रोफोनच्या) एका नोंदीत ठरावीक अंतराने येणारा क्षीण संकेत असावा असा माझा कयास आहे, मात्र तो गोंगाटात पूर्ण बुडालेला असून त्याचा आवर्तकालही ठाऊक नाही. सुरुवात कोठून करावी?

उत्तर १: आवर्तकाल ठाऊक असता, तर नोंदीचे तेवढ्याच लांबीचे तुकडे पाडून त्यांची सरासरी काढता आली असती. संकेत प्रत्येक तुकड्यात त्याच जागी येत असल्याने टिकतो, यादृच्छिक गोंगाट मात्र तुकड्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो; १०० तुकड्यांत संकेत-गोंगाट गुणोत्तर २० डेसिबलने सुधारते. आवर्तकाल अज्ञात असल्याने आधी स्वसहसंबंध काढावा, म्हणजे नोंद वेगवेगळ्या विलंबाने सरकवून ती स्वतःशीच किती जुळते ते पाहावे; मग आवर्तकालाच्या पटींवर शिखरे दिसू लागतील. शून्य विलंबाचे शिखर धरू नये. ते निव्वळ गोंगाटातही असते.

उत्तर २: आवाज जहाजाच्या पंख्याचा असेल, तर थेट वर्णपट (कोणत्या वारंवारितेला किती जोर आहे याचा आलेख) पाहून बहुधा भागणार नाही. पात्यांमुळे फुटणाऱ्या बुडबुड्यांचा रुंद पट्ट्यातला खळखळाट फेऱ्यांच्या तालात कमीजास्त होतो, म्हणून तो पट्टा गाळून त्याचे आवरण (जोराच्या चढउताराची रेषा) काढावे आणि त्या आवरणाचा वर्णपट पाहावा. मिनिटाला १२० फेरे घेणाऱ्या चार पात्यांच्या पंख्यासाठी २ (फेऱ्यांची) आणि ८ (पात्यांची) हर्ट्झवर रेषा अपेक्षित आहेत.

उत्तर ३: उत्तर १ मधली सरासरीची युक्ती रडारमध्ये वापरताना लक्ष्याची हालचाल आड येते. ३ सेंटिमीटर तरंगलांबीवर लक्ष्य अवघे ७.५ मिलिमीटर जवळ आले तरी प्रतिध्वनीची कला (तरंगाच्या चढउतारातली स्थिती) उलटते आणि बेरजेत संकेतच पुसला जातो. त्यामुळे डॉपलरची (हालचालीमुळे होणाऱ्या वारंवारितेतल्या बदलाची) दुरुस्ती आधी करावी. शिवाय जितके अधिक आवर्तकाल तपासाल, तितका शिखर खरे मानण्याचा उंबरठा वर न्यावा लागेल.