मदत हवी आहे: ग्रोनिंगर घोडी गाडीला जुंपली की वीस मिनिटांत थांबते

कालवाकाठ
नमस्कार मंडळी. मुक्काम नेदरलँड्स, ग्रोनिंगन प्रांत. घोडागाडीतलं कळणारं कुणी इथे असेल तर सल्ला हवा आहे.

घोडी ग्रोनिंगर, वय 9, काळी, उंची 160 सेंमी. छातीचा घेर 203 सेंमी, खांद्याच्या टोकापासून मागच्या बैठकीच्या हाडापर्यंत लांबी 178. गाडी चारचाकी, 350 किलो, वर दोन माणसं. साज सिंथेटिक, छातीपट्ट्याचा, दुकानात 'वॉर्मब्लड' (मध्यम बांध्याचे स्वारीचे घोडे) मापात मिळतो तो. डांबरी रस्त्यावर छान चालते. पुढे कालव्याकाठी भुसभुशीत वाळूची वाट लागली की मान झटकते, खोकते आणि उभी राहते. डाव्या खांद्यावरचे केस घासले गेलेत, उजवीकडे कमी. तबेल्यातली मंडळी म्हणतात, ही जातच आळशी. खरंय का? गळ्यातली जड कॉलर घ्यावी का?

खरारा
आळशी नाही, थंड डोक्याची आहे. ग्रोनिंगनच्या चिकणमातीत नांगर ओढायचा आणि रविवारी बग्गीला जुंपायचं, अशा दुहेरी कामासाठी ओल्डेनबुर्ग आणि पूर्व फ्रिजियन रक्तातून ही जात घडली. ट्रॅक्टर आले, मग सगळ्यांना उड्या मारणारे हलके घोडे हवे झाले. 1978 च्या सुमाराला शुद्ध जातीचा बाल्डेविन हा एकच वळू-घोडा आणि वीसेक घोड्या उरल्या होत्या. आजची पैदास तिथून उभी राहिलेली आहे. पाय उंच उचलून मिरवणारा डच 'टाउखपार्ड' वेगळा. त्याच्यावरून हिची चाल जोखू नका.

खोकते म्हणालात, तिथेच थांबा आणि आधी छातीपट्टा बघा. तो खांद्याच्या टोकाच्या वर आणि श्वासनळीच्या खाली बसायला हवा. या जातीत छाती रुंद आणि मान बुडाशी जाड, त्यामुळे ही जागा जेमतेम तळहाताएवढी असते. पट्टा वर सरकला की नळी दाबली जाते, खाली उतरला की प्रत्येक पावलाला खांद्याचं हाड अडतं. डांबरावर ओढ कमी असते म्हणून ती सहन करते. वाळूत तीच गाडी कित्येक पट जड लागते आणि मग ती थांबते. शहाणीच म्हणायची.

दुमची
खराऱ्यांशी सहमत. मोजायची पद्धत अशी: गाडी जुंपा, एकाने लगाम धरावा, दुसऱ्याने घोडीला दोन पावलं पुढे घेऊन ओढपट्टे (छातीपट्ट्यापासून गाडीपर्यंत जाणारे दोन पट्टे) ताणलेल्या स्थितीत बाजूने फोटो काढावा. उभ्या घोडीवर, ढिल्या पट्ट्यांचा फोटो निरुपयोगी. छातीपट्ट्यापासून, ओढपट्टे अडकवतात त्या गाडीच्या आडव्या दांड्यापर्यंत सरळ रेघ दिसली पाहिजे. मानेवरच्या पट्ट्यापाशी ती मोडत असेल तर तो पट्टा आखूड किंवा लांब आहे. ओढीची जागा उंच असलेल्या गाडीत छातीपट्टा वर खेचला जातो, तिथे कितीही बकलं सरकवा, काम होत नाही.

एका खांद्याला जास्त घासतंय, म्हणजे मला तो आडवा दांडा संशयास्पद वाटतो. छातीपट्ट्याच्या साजाला मधल्या खिळ्यावर मोकळा फिरणारा दांडा लागतोच. घोडा चालताना खांदे आळीपाळीने पुढे जातात. दांडा फिरला नाही तर पट्टा छातीवर करवतीसारखा मागेपुढे होतो. तो हाताने हलवून बघा. दोन्ही ओढपट्टे कितव्या भोकात आहेत तेही मोजा.

आणि मागचा रोधपट्टा, म्हणजे गाडी रोखताना मांड्यांमागे टेकणारा पट्टा? बैठकीच्या हाडाखाली साधारण वीतभर, आणि ओढपट्टे ताणलेले असताना मागे मूठ आडवी जाईल इतका ढिला. घट्ट असेल तर घोडी पुढे ओढते आणि तिचाच साज तिला मागे धरतो.

कालवाकाठ
तपासलं. दांडा गंजून जाम, हाताने हलत नाही. डावा ओढपट्टा चौथ्या भोकात, उजवा पाचव्यात. रोधपट्ट्यामागे जेमतेम दोन बोटं जातात. छातीपट्ट्याखाली मेंढीच्या लोकरीचं अस्तर घालू का?

खरारा
आत्ता नको. बसणी चुकलेली असताना अस्तर घातलं की पट्टा आणखी घट्ट होतो आणि घाम कोंडतो. दांड्याचा खिळा काढून साफ करा, ग्रीस भरा. खिळा झिजलेला असेल तर बदलाच. ओढपट्टे सारख्या भोकात घ्या, आणि एकदा टेपने लांबीही मोजा, सिंथेटिक पट्टे ताणतात. घासलेल्या जागी केस परत येईपर्यंत तिथे साज टेकवायचा नाही. तोवर लांब लगामावर पायी चालवा, व्यायाम चुकत नाही.

तोबरा
वजनाचं कुणी बोललं नाही. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11877. तुमच्या मापांवरून साधारण 618 किलो. त्या उंचीला आकडा घाबरण्यासारखा नाही, पण ही जात थोड्या खाण्यावरही अंगाला लागणारी. दुभत्या गाईंसाठी पेरलेलं रायगवत तिला साखरेचं कोठार आहे; त्यावर दिवसभर सोडली तर लॅमिनायटिसचा, म्हणजे खुराच्या आतल्या दाहाचा, धोका मोठा. मानेचा वरचा काठ हाताला टणक लागतो का, खुरं गरम असतात का बघा. वैरणीचा कोरडा भाग रोज वजनाच्या दीड टक्का, म्हणजे 9 किलोच्या वर. सुक्या गवताचं सुमारे 11 किलो. ते मोठ्या भोकांच्या जाळीतून नाही, बारीक जाळीतून द्या. इतक्या कामाला ओट्सची गरज नाही, खनिज मिश्रण आणि मीठ पुरे.

चाबूक_नको
मी थेट कॉलर घ्या म्हणेन. वाळूची ओढ छातीपट्ट्याचं काम नाही. कॉलरने भार दोन्ही खांद्यांवर मोठ्या जागेत पसरतो.

दुमची
तत्त्वतः बरोबर, पण कॉलर मापाचीच लागते: खाली नळीपाशी सपाट हात जायला हवा, बाजूला बोटं. घोडीचं वजन वीसेक किलो उतरलं की तीच कॉलर डुलायला लागते. आधी खाणं आणि व्यायाम स्थिर होऊ द्या, मग कारागिराला घोडी दाखवून माप द्या. तोवर वाळूची वाट बंद; घासलेली जागा भरली की डांबर चालेल, आणि वर एकच माणूस.

तोबरा
साज ठीक झाल्यावरही खोकला राहिला तर पशुवैद्याला दाखवा. धुळीच्या गवतानेही असंच होतं. मान झटकणं राहिलं तर दात आणि लगामाचा कडियाळ (तोंडातली लोखंडी कडी) तपासा. चालल्यानंतर मागचे पाय ताठ, घाम भरपूर आणि लघवी गडद दिसली तर ती स्नायूंची तक्रार. तिथल्या तिथे उभी करा, चालवत घरी नेऊ नका, लगेच फोन.

कालवाकाठ
समजलं. ती रस्त्यातच अडली तर सोडवायचा क्रम काय? इथे प्रत्येकजण वेगळं सांगतो.

खरारा
एकाने समोर उभं राहून लगाम धरायचा. आधी रोधपट्टा सोडा, मग ओढपट्टे, मग घोडीच्या दोन्ही बाजूंच्या लांब दांड्यांचे फास, आणि गाडी मागे ढकला. गाडी पूर्ण सुटल्याशिवाय तोंडावरची झापडं आणि लगाम काढायचा नाही. जुंपताना उलट: दांड्यांचे फास आधी, मग ओढपट्टे, रोधपट्टा शेवटी.